३५ हजार क्युसेक म्हणजे कितवी पायरी?

मुठेच्या काठावरच्या एका सोसायटीचं हे प्रकरण आहे. ती सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे, एवढंच सांगतो. इमारतींची आणि घरांची संख्या, माणसांचे तपशील आणि काही घटनांच्या वेळा मुद्दाम बदलल्या आहेत. माझा संबंध २६ जुलै २०२४ च्या सकाळी आला. मी आपत्ती व्यवस्थापनाचे छोटे प्रशिक्षण वर्ग घेतो, आणि सोसायटीच्या सचिवबाई त्यातल्या एका वर्गाला येऊन गेल्या होत्या. फोनवर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "पाणी ओसरलंय, आता कागद कसे करायचे ते सांगायला या."

पार्श्वभूमी

पुण्याच्या वरच्या अंगाला चार धरणं आहेत. टेमघर ३.७१ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि सगळ्यांत खाली खडकवासला १.९७. बेरीज २९.१५. पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज येतो तो या बेरजेचा आकडा, कारण शहराला वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याची काळजी असते. नदीकाठी राहणाऱ्याने मात्र शेवटचा, सगळ्यांत लहान आकडा पाहायचा असतो. वरच्या धरणांत जागा शिल्लक असली, तरी त्यांच्या खालच्या पट्ट्यात कोसळलेला पाऊस थेट या लहान भांड्यात उतरतो.

साधा हिशोब आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ३५ हजार क्युसेकचा येवा, धरणात येणारं पाणी, सुरू झाला तर पूर्ण रिकामं खडकवासला सोळा तासांच्या आत भरेल, आणि आधीच अर्धं भरलेलं असेल तर आठ तासांत. आठ तास म्हणजे रात्री जेवून झोपल्यापासून सकाळच्या दुधाच्या पिशवीपर्यंतचा वेळ. त्यामुळे इथला पूर बहुतेक वेळा झोपेत येतो.

पूररेषा दोन असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. सोसायटीच्या इमारती नव्वदच्या दशकातल्या. त्या निळ्या रेषेच्या आत की बाहेर, याबद्दल सोसायटीच्या कपाटात दोन नकाशे होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तीन इमारती, अठ्ठेचाळीस सदनिका. तळमजल्यावर चौदा घरं, त्यांतल्या आठांत भाडेकरू. रस्त्याकडेला चार दुकानं. मागच्या भिंतीपलीकडे, नदीच्या आणखी जवळ, पत्र्याच्या अकरा खोल्या. तिथे राहणाऱ्या बायका याच इमारतींत धुणीभांडी करतात, एक भाऊ इस्त्री करतो. या अकरा खोल्या लक्षात ठेवा.

२४ जुलैच्या रात्री घाटमाथ्यावर आणि शहरात पाऊस थांबला नाही. २५ तारखेच्या पहाटे खडकवासल्यातला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर नेण्यात आला. एकतानगरीत आणि आसपासच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, बोटी आल्या, लष्कराचे जवान आले. डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. हे सगळं सर्वांना माहीत आहे. आपल्या सोसायटीत पहाटे साडेचारच्या सुमारास फाटकातून पाणी आत आलं आणि सहा वाजता तळमजल्यावरच्या घरांत ते गुडघ्याच्या वर होतं. रात्री नऊपर्यंत ते फाटकाबाहेर गेलं. जीवितहानी झाली नाही. सगळे वरच्या मजल्यांवर चढले, वरच्यांनी दारं उघडली, चहा केला. पुण्यात शेजाऱ्याचं तोंड न पाहणारी माणसं असतात असं म्हणतात. त्या दिवशी तरी तसं कोणी भेटलं नाही.

अडचण काय होती

इशारा आला नव्हता असं नाही. सचिवबाईंच्या मोबाईलवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये विसर्गाची सूचना पडलेली होती. नेहमीची भाषा: मुठा नदीपात्रात अमुक वाजता इतका विसर्ग सुरू करण्यात येत आहे, पाऊस आणि येव्यानुसार त्यात बदल होऊ शकतो, नदीपात्रात कोणी उतरू नये. ग्रुप रात्री म्यूट. ज्यांनी वाचली त्यांनीही वाचून फोन उशाशी ठेवला. सायरन वाजला की नाही यावर तिन्ही इमारतींत आजही एकमत नाही, आणि मी त्या वादात पडलो नाही.

मला जास्त शिकवलं ते वॉचमनने. तो पन्नाशीचा, मूळचा मराठवाड्यातला. त्याला त्या रात्री दोन वाजता एका रहिवाशाने वरून ओरडून सांगितलं होतं, "मामा, सत्तावीस हजार सोडलंय, लक्ष ठेवा." त्याने लक्ष ठेवलं. पाणी फाटकाशी येईपर्यंत ठेवलं. २६ तारखेला तो मला म्हणाला, "साहेब, सत्तावीस हजार म्हणजे पहिली पायरी की तिसरी, ते कुणी सांगितलंच नाही. आकडा ऐकला, पण घाबरायचं की नाही ते कळंना."

पुण्यात एक घरगुती मोजमाप आहेच. भिडे पूल पाण्याखाली गेला का? नदीपात्रातला रस्ता बंद झाला का? पण भिडे पूल या सोसायटीच्या खाली, पाण्याच्या पुढच्या वाटेवर आहे. तो बुडाल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरेपर्यंत वरच्या सोसायटीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. धरणाचं माप क्युसेक, पेठांचं माप भिडे पूल, आणि ज्याच्या दारात पाणी यायचं त्याच्याकडे मापच नव्हतं.

दुसरी अडचण पाणी ओसरल्यावर उभी राहिली. ती जास्त गुंतागुंतीची होती, कारण तिथेही प्रश्न मापाचाच निघाला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा पुरात मिळणाऱ्या सरकारी मदतीचा मुख्य झरा. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. त्याचे निकष ठरलेले आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० रुपये आणि भांडीकुंडी व घरसामानासाठी २,५०० रुपये. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. पक्कं घर किमान पंधरा टक्के खचलं तर ६,५००. राज्य सरकार वेळोवेळी स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालतं. २०२३ च्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांची मदत ५,००० वरून १०,००० करण्यात आली, दुकानदार आणि टपरीधारकांसाठीही रकमा जाहीर झाल्या.

कपडे आणि भांड्यांच्या मदतीला मात्र एक अट चिकटलेली आहे. घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं असावं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असावं. सांगलीच्या, कोल्हापूरच्या पुराला हे माप बसतं. तिथे कृष्णा-पंचगंगा चढतात त्याही सावकाश आणि उतरतात त्याही सावकाश. मुठेचा धरणातून सोडलेला पूर सोळा तासांत येऊन जातो. सोळा तासांत फ्रीज, गाद्या, गहू-तांदूळ, पोरांची पुस्तकं, शिलाई मशीन हे सगळं तेवढंच जातं. फक्त अट पूर्ण होत नाही.

समोर असलेले पर्याय

२६ तारखेच्या सकाळी गच्चीवर बैठक झाली. अंगणात पोटरीभर गाळ होता. बोलणाऱ्यांचे चार गट पडले.

तरुणांना मोर्चा हवा होता. कॅमेरे बाहेर उभेच होते. राग खरा होता आणि त्याला जागा मिळायला हवी होती. पण बातमी दोन दिवस टिकते आणि पंचनामे तिसऱ्या दिवसानंतरही चालतात, एवढं मी म्हणालो. शेवटी दोन जणांनी कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि बाकीच्यांनी खाली थांबायचं असं ठरलं.

दुसरा प्रस्ताव नदीकडे दहा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधायचा. त्याला सुरुवातीला सर्वांत जास्त हात वर झाले. भिंत दिसते, तिचं कोटेशन मिळतं, ती बांधली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. एका निवृत्त अभियंत्याने दोन गोष्टी सांगितल्या. पाणी ड्रेनेजच्या वाहिन्यांतूनही उलटं चढतं, त्याला भिंत दिसत नाही. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वरच्या बाजूला भिंत कोसळूनच माणसं दगावली होती. तिसरी गोष्ट कोणी बोललं नाही, ती मी बोललो: भिंतीच्या त्या बाजूला अकरा खोल्या आहेत, अडलेलं पाणी त्यांच्यात जाईल. भिंत मागे पडली. पटली म्हणून की महाग म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

तिसरा पर्याय न्यायालयाचा. पूररेषा, नदीपात्रातला भराव, राडारोडा हे सगळे मुद्दे रास्त होते. पण ते पुढच्या वर्षांचे होते. चौथा, कंटाळवाणा पर्याय म्हणजे घरटी नोंद, पंचनामा, अर्ज आणि पुढचं पाणी येण्याआधी स्वतःची तयारी. धरणं भरायची बाकी होती, ऑगस्ट अख्खा पुढे होता. शेवटी तोच निवडला गेला.

पहिला निर्णय: आधी धुवायचं की आधी नोंदायचं

इथे आम्ही चुकलो, आणि चुकीतला माझा वाटा मान्य करतो. गाळ वाळला की दगड होतो, वास सुटतो, रोगराईची भीती असते. त्यामुळे पहाटेपासून बायका-पुरुष पाणी मारून भिंती धूत होते. दहा वाजता कचऱ्याच्या गाड्या आल्या आणि भिजलेल्या गाद्या, फुगलेले दिवाण, कपाटं उचलून गेल्या. गाडीवाल्यांनी त्यांचं काम चोख केलं. पण दुपारी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा नऊ घरांत दाखवायला स्वच्छ भिंती आणि रिकामी फरशी उरली होती. भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा कोणीतरी निरमा लावून घासली होती.

थांबायला हवं होतं का? नाही. घाणीत लहान मुलं ठेवून पंचनाम्याची वाट पाहा, असं मी आजही कुणाला सांगणार नाही. घरटी दहा मिनिटं काढायला हवी होती. भिंतीला केरसुणी किंवा फूटपट्टी टेकवून रेघेचा फोटो, प्रत्येक खोलीचा एक फोटो, बाहेर काढलेल्या सामानाच्या ढिगाशेजारी घरातल्या माणसाला उभं करून एक फोटो. त्यानंतर खुशाल धुवा.

तळमजल्यावरच्या एका आजींच्या घरात याची गरजच पडली नाही. त्यांच्या लहानपणी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं होतं आणि त्यांच्या कुटुंबाने निसेन हटमध्ये, पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत, वर्षं काढली होती. शिधापत्रिका, आधार, बँकेचं पासबुक, वीजबिल, घराची कागदपत्रं एका पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी डबा माळ्यावर ठेवलेला. "पानशेतनंतर वडिलांकडं एकही कागद नव्हता," म्हणाल्या, "मी माळा सोडत नाही." चौदा घरांपैकी सगळे कागद कोरडे असलेलं ते एकच घर.

दुसरा निर्णय: 'दोन दिवस' लिहायचं का

पंचनाम्याला महसूल खात्याच्या मंडळ अधिकारी मॅडम आल्या, सोबत दोन कर्मचारी. कुठल्याही पंचनाम्यासारखाच: जागा, कुटुंबप्रमुख, माणसं किती, नुकसान काय, दोन पंचांच्या सह्या. पाणी किती काळ होतं, या रकान्याशी सगळे थांबले.

कार्यकारिणीतल्या एका काकांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की पन्नास तास लिहा, कोण बघायला येतंय. वाईट हेतू नव्हता. ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांत त्यांचं स्वतःचं घर नव्हतं, ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मी पन्नास तास लिहीन. पण धरणातून विसर्ग कधी वाढला, कधी कमी झाला, त्याची तासातासाची नोंद सरकारकडेच आहे. उद्या कुणी ती शेजारी ठेवली तर माझी नोकरी जाईल आणि तुमच्या सगळ्या घरांचे पंचनामे खोटे ठरतील, खरे होते ते पण."

त्यावर अर्धा तास वाद झाला. काही जण म्हणाले, मॅडमना आपलं पडलेलं नाही. मला वाटतं त्या दिवशी आमच्या बाजूने सगळ्यांत जास्त विचार त्यांनीच केला. कारण पुढे त्या म्हणाल्या, खरा वेळ लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. पाण्याची उंची फुटांत लिहा. घर राहण्याजोगं नाही, हे लिहा आणि कुटुंब किती दिवस दुसरीकडे राहिलं ते लिहा. धान्य, कपडे, भांडी वेगवेगळी लिहा, नुसतं 'संसारोपयोगी साहित्य' नको. आणि अट शिथिल करण्याची मागणी वेगळ्या अर्जात करा, कारण पूर्वीच्या पुरांत शासनाने विशेष निर्णय काढून ती शिथिल केलेली आहे. पंचनाम्यात खोटं लिहून अट ओलांडता येत नाही. खरं लिहिलं तर ती बदला असं म्हणता येतं.

ही तिसरी वाट खोलीतल्या कोणालाच आधी दिसली नव्हती, मला पण.

पाण्याची वेळ १६ तास अशी नोंदली गेली. पंचवीस पंचनामे झाले: तळमजल्यावरची चौदा घरं आणि अकरा खोल्या. चार दुकानांचे वेगळे.

तिसरा निर्णय: कुटुंब कोणाला म्हणायचं

आठ भाड्याच्या घरांपैकी दोन घरांचे मालक कोथरूडहून गाडी घेऊन आले आणि पंचनाम्यावर आपलं नाव लावा म्हणाले. भिजलेलं सामान भाडेकरूंचं होतं. सचिवबाईंनी इथे ठाम भूमिका घेतली: घराच्या भिंतीला तडा गेला असेल तर मालकाचं नाव, कपडे आणि भांड्यांसाठी राहणाऱ्याचं. बोलायला सोपं आहे. पण राहणाऱ्याकडे स्थानिक शिधापत्रिका नसते, मतदार यादीत नाव गावचं असतं. ज्यांच्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार होता त्यांचं जमलं. ज्यांनी अकरा महिन्यांचा करार नुसत्या स्टॅम्पपेपरवर करून ठेवला होता त्यांना वीजबिल, गॅसचं पुस्तक, मुलाच्या शाळेचा दाखला, जे सापडेल ते जोडावं लागलं.

एका घरात लातूर आणि नांदेडकडची चार मुलं राहत होती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. पुस्तकं, नोट्स, दोन लॅपटॉप, सगळं गेलेलं. चौघांच्या शिधापत्रिका चार वेगळ्या गावांत, वडिलांच्या नावावर. निकषातलं माप 'कुटुंब' हे आहे आणि ते चौघे कुटुंब नव्हते. कुणीतरी सुचवलं, एकाला कुटुंबप्रमुख दाखवा. त्यातलाच एक मुलगा म्हणाला, "उद्या मुलाखतीला बसायचंय सर, खोटं नको." पंचनामा चौघांच्या नावे, 'एकत्र राहणारे विद्यार्थी' असा झाला. त्यांना सरकारी मदत मिळाली नाही. अभ्यासिकेतल्या मुलांनी पुस्तकं गोळा करून दिली, एवढंच.

गाड्यांचं एका परिच्छेदात उरकतो. सर्वसमावेशक विमा असलेल्या गाड्यांना भरपाई मिळाली. पाण्यात बुडालेली गाडी चालू होते का पाहायला ज्यांनी स्टार्टर मारला त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसल्यामुळे तो खर्च विमा कंपनीने नाकारला. तीन गाड्या अशा गेल्या. स्टार्टर मारू नये, टो करून न्यावी.

चौथा निर्णय: दहा दिवसांत खुणा

वॉचमनमामांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. उत्तर सोसायटीतच होतं, लोकांच्या फोनमध्ये. २५ तारखेला पहाटेपासून रात्रीपर्यंत खिडक्यांतून, जिन्यांतून शेकड्याने फोटो काढले गेले होते आणि प्रत्येक फोटोला वेळ असते. दुसऱ्या बाजूला विसर्गाच्या सूचना ग्रुपवर पडलेल्या, त्यांनाही वेळ होती. दोन कॉलेजच्या मुलींनी दोन रात्री बसून हे जुळवलं: विसर्ग इतका झाल्यानंतर किती वेळाने पाणी फाटकाशी, कधी पार्किंगमध्ये, कधी पहिल्या पायरीवर, कधी उंबऱ्यावर.

फाटकाच्या खांबावर ऑइल पेंटने तीन पट्टे ओढले. पिवळा, नारिंगी, लाल. पट्ट्याशेजारी दोन गोष्टी लिहिल्या: धरणातून किती क्युसेकला पाणी इथे येतं आणि तेव्हा काय करायचं. पिवळ्याला गाड्या सिंहगड रस्त्यावर. नारिंगीला तळमजल्याचा मुख्य वीजपुरवठा बंद, माणसं आणि कागद वर. लालसाठी लिहायला काही उरत नव्हतं, म्हणून तिथे १०७७, ११२ आणि १०१ हे क्रमांक लिहिले.

त्या पट्ट्यांवरचे आकडे इथे देत नाही. ते त्या एका फाटकाचे आहेत. दोनशे मीटरवरच्या सोसायटीत तोच विसर्ग वेगळी पातळी गाठेल. शिवाय शहरात पाऊस पडत असेल तर ओढे-नाल्यांचं पाणी वर मिळतं आणि धरणाचा आकडा तोच असून पाणी वीतभर जास्त चढतं. म्हणून पिवळ्या पट्ट्याची कृती त्याच्या आकड्याच्या बरीच अलीकडे सुरू करायची, असं ठरलं.

घरटी नोंदवही झाली: कोण म्हातारं, कोण आजारी, कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र, कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे. गणेश मंडळाचा लाऊडस्पीकर आणि आरतीची थोरली घंटा वॉचमनच्या केबिनमध्ये आली. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे एक पत्र गेलं की काठावर शासनाचीच अधिकृत पातळीपट्टी लावावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३० मध्ये पूर्वसूचनेची आणि लोकांपर्यंत माहिती पोचवण्याची व्यवस्था हे जिल्हा प्राधिकरणाचं काम म्हणून सांगितलं आहे. पत्रात त्याचा उल्लेख केला.

काय झालं

४ ऑगस्टला, रविवारी, विसर्ग पुन्हा ३५ हजारांच्या घरात गेला. या वेळी दिवस होता, लोक घरी होते, महापालिकेची आणि लष्कराची माणसं आधीच आसपास होती. हे सगळं आमच्या बाजूने होतं, त्यामुळे सगळं श्रेय पट्ट्यांना देणं बरोबर नाही. तरी पाणी पिवळ्या पट्ट्याला टेकायच्या आत पार्किंग रिकामं झालेलं होतं. वीज वेळेवर बंद झाली. फ्रीज विटांवर आणि टेबलांवर चढले होते. नऊ वयस्कर माणसं महापालिकेच्या शाळेतल्या निवाऱ्यात किंवा नातेवाइकांकडे गेली. आजी गेल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर डबा घेऊन बसल्या.

पाणी तळमजल्यात शिरलं. ते अडवण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मागच्या अकरा खोल्यांना कुणी सांगितलंच नाही. नोंदवही सभासदांच्या यादीवरून बनवली होती आणि त्या खोल्या सोसायटीच्या सभासद नव्हत्या. घंटा वाजली ती त्यांना ऐकू आली, पण कशाची ते कळलं नाही. रविवार होता, त्यांना वाटलं मंडळाचं काही चाललंय. फाटकाच्या खुणा रस्त्याच्या बाजूला, त्यांच्या दारातून दिसत नाहीत, आणि त्यांच्या दारात पाणी सगळ्यांच्या आधी येतं. इस्त्रीवाले भाऊ कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन आले तेव्हा आमच्या लक्षात आलं. २६ जुलैला भिंतीच्या वादात त्यांचं नाव घेणारा मीच होतो, आणि नोंदवहीचा तक्ता आखून देणाराही मीच.

मदतीचं सांगायचं तर, पंचवीसपैकी अठरा कुटुंबांच्या खात्यात पैसे जमा झाले, बहुतेकांच्या दिवाळीच्या आगेमागे. चार अर्ज स्थानिक रहिवासाच्या पुराव्यावर अडकले, दोन खात्याला आधार जोडलेलं नसल्याने परत आले आणि पुढच्या मार्चमध्ये सुटले. एक त्या चार मुलांचा. अकरा खोल्यांपैकी नऊ जणींकडे स्थानिक शिधापत्रिका होती, आणि त्यांची कामं इमारतींमधल्या भाडेकरूंच्या आधी झाली.

पातळीपट्टीच्या पत्राची पोच मिळाली. पट्टी अजून लागलेली नाही.

पुन्हा वेळ आली तर

नोंदवही सभासदांवरून न करता पाणी जिथून येतं तिथून सुरू करायला हवी. नदीच्या सर्वांत जवळचं दार पहिलं, मग वर. २०२५ च्या पावसाळ्याआधी ती तशी लिहून काढली आणि मागच्या गल्लीत विजेच्या खांबावर चौथी खूण केली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये विसर्ग वाढला तेव्हा पहिला फोन इस्त्रीवाल्या भाऊंना गेला, आणि गाड्या हलवा म्हणून वर ओरडून सांगितलं ते त्यांनी.

भाडेकरार पावसाळ्यापूर्वी नोंदवून घ्या, हे सोसायटीने घरमालकांना सक्तीचं करायला हवं होतं. ठराव मांडला गेला, मालकांच्या मतांनी पडला.

मोर्चाला मी तेव्हा जरा हलक्यात घेतलं. आज वाटतं, अट शिथिल करण्याचा अर्ज एकट्या सोसायटीने न देता काठावरच्या वीस-पंचवीस सोसायट्यांनी आणि वस्त्यांनी एकत्र, आवाज करत द्यायला हवा होता. दोन दिवसांच्या अटीत मुळापासून शहरी पुराचा विचार व्हावा ही मागणी एका सोसायटीच्या लेटरहेडवर शोभत नाही. ते पत्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

खुणांचं पुढे

जानेवारी २०२५ च्या सभेत विषय आला की फाटकावरचे पट्टे पुसावेत. घर बघायला येणारे लोक आधी पट्टे बघतात, मग भाव. एका सदनिकेचा सौदा त्यामुळे मोडला, असं एका सभासदाने सांगितलं आणि ते खोटं नसावं. बोलणाऱ्याला मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायचं होतं. चर्चा दोन तास चालली. पुसण्याचा ठराव एकोणीस विरुद्ध चौदा मतांनी फेटाळला गेला, पण तोडगा म्हणून पट्टे खांबाच्या बाहेरच्या अंगावरून आतल्या अंगाला घेतले.

वॉचमनमामांच्या खुर्चीतून ते आता दिसत नाहीत. पावसाच्या रात्री दर तासाला बॅटरी घेऊन उठावं लागतं. त्यांनी खुर्चीची जागा बदलून मागितली आहे, तो विषय पुढच्या सभेत आहे.